बाबूजींच्या गालावरचा ब्रश

माझा चुलतभाऊ भंडाऱ्याला नोकरीला लागला आणि दाढीचं सामान घेऊन गावात आला, त्या दिवसापासून माझ्या पोटात जे दुखायला लागलं ते काही थांबलं नाही. शहात्तर-सत्त्याहत्तर साल असेल. आमचं गाव लाखनीजवळचं, धानाचं. दाढी म्हणजे न्हावी घरी येणार, गालाला थंड पाणी चोळणार आणि वस्तरा फिरवणार, एवढंच आम्हाला ठाऊक. हा पठ्ठ्या मात्र रविवारी सकाळी आमच्या सपरीत, म्हणजे घरापुढच्या ओसरीत, खांबाला आरसा टांगून बसायचा आणि वाटीत ब्रश घोळवून असा पांढराशुभ्र फेस काढायचा की शेजारपाजारचे चहा तसाच ठेवून बघायला यायचे. येईनात का! मला त्यांचं काय? पण एका रविवारी माझे वडीलच उठून त्याच्यापुढे जाऊन बसले.

"लाव रे बाबू, मले बी थोडा," बाबूजी म्हणाले.

त्याला 'बाबू'. मला जन्मात 'अबे' सोडून दुसरी हाक मारली नाही. रोवणीत चिखलात मी उभा, बैल धुवायला मी, पहाटे बंडी जुंपायला मी, आणि कौतुकाचा एक शब्द म्हणाल तर राम म्हणा! हा साहेब आठवड्यातून एकदा येऊन गालाला साबण लावतो काय, आणि बाबूजी डोळे मिटून हनुवटी त्याच्या हातात देतात काय! पुढे तर त्यांनी न्हाव्याला चक्क नाही म्हणायला सुरुवात केली. आठवडाभर खुंट वाढवून रविवारची वाट बघायचे. माझा नुसता जळफळाट व्हायचा.

"काहून तोंड फुगवून राहिला रे?" आई विचारायची. काय सांगणार तिला, कप्पाळ?

शेवटी ठरवलं, आपणही ब्रश घ्यायचा आणि बाबूजींची दाढी आपण करायची. लाखनीत घेतला असता तर माझ्याआधी बातमी घरी पोचली असती, म्हणून एस.टी.नं साकोलीला गेलो. दुकानदारानं चार-पाच ब्रश पुढे टाकले. मी आयुष्यात ब्रश हातात धरला नव्हता. मनगटावर घासून बघितले, गालावर फिरवून बघितले, जाणकारासारखी मान डोलावली. त्यातला एक लाकडी दांड्याचा, भरगच्च केसांचा, हुबेहूब चुलतभावाच्या ब्रशासारखाच होता. म्हटलं, हाच द्या.

"चांगला आहे," दुकानदार म्हणाला. "डुकराच्या केसाचा. सुरुवातीले टोचते, मंग नरम पडते."

डुकराच्या! मी तो ब्रश चटका बसल्यासारखा खाली टाकला. बाबूजी माळकरी माणूस. बाजारात डुक्कर नुसतं घासून गेलं तरी अंगावर पाणी घेतल्याशिवाय घरात पाऊल टाकायचे नाहीत. आणि मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. दर रविवारी त्यांच्या गालावर फिरतो तो हाच की! त्या दुकानात मी नाचायचाच बाकी होतो. सापडला लेकाचा, म्हटलं, आता सापडला! लगेच नायलॉनचा, हिरव्या दांड्याचा ब्रश उचलला.

"याचा फेस नाही निघत बराबर," दुकानदार म्हणाला.

"नाही निघाला तं नाही निघाला," मी म्हणालो.

खरंच निघाला नाही. विहिरीवर लपून सराव केला, तर गालाला खराटा लागल्यासारखं वाटलं आणि फेसाचं पाणी होऊन छातीवर ओघळलं. पण माझा ब्रश शुद्ध होता, आणि तेवढं मला पुरेसं होतं.

रविवार उजाडला. बाबूजी सपरीत बसले होते, त्यानं त्यांच्या एका गालाला फेस लावलाही होता. मी ब्रश घेऊन पुढे झालो.

"बाबूजी, आज मी करून देतो."

"राहू दे. त्याले करू दे."

त्या 'राहू दे'नं माझा तोल गेला. "त्याचा ब्रश डुकराच्या केसाचा आहे, मालूम आहे का तुमाले?" मी ओरडलोच.

आईच्या हातातलं सूप थांबलं. चुलतभावाचा हात हवेत राहिला. मी मनात म्हटलं, आता उठतील, विहिरीकडे धावतील, तो ब्रश उकिरड्यावर भिरकावतील. कितीतरी दिवस मी याच क्षणाची वाट बघत होतो.

बाबूजी जागचे हलले नाहीत. कानाखाली घसरलेला फेस त्यांनी बोटानं वर सारला.

"अबे, मालूम आहे मले. त्यानं पहिल्याच रोजी सांगतलं होतं," ते म्हणाले. "म्हणून तं दाढी झाली का आंघोळ करतो."

आणि माझ्याकडे न बघता त्यांनी दुसरा गाल त्याच्यापुढे केला.

"चाल रे बाबू, फेस सुकून राहिला."