वाळूतले वाफे

"पान्याले हुकूम नाई द्या लागत, सर. रस्ता दावा लागते," असं तो मेथीच्या जुड्यांवर पाणी शिंपडताना म्हणायचा. अकोल्याच्या जुन्या शहरात, आमच्या गल्लीत, रोज सकाळी त्याची भाजीची गाडी लागायची. मळा त्याचा स्वतःचा. पाण्यातलं आपल्याला सगळं कळतं, अशी त्याची समजूत होती. अशी माणसं तुमच्याही ओळखीत असतील, आणि एकदा यांची जिरवावी असं तुम्हालाही वाटलं असेल.

दिवाळीच्या सुट्टीत गल्लीतली पाच कुटुंबं मिनीबस करून कोकणात निघाली. एक कुटुंब ऐनवेळी गळालं, म्हणून याला बायको आणि मुलीसकट घेतलं. मुलगी माझ्याच वर्गात, सातवीत. मी भूगोल शिकवतो.

त्याची बायको लॉजवरच थांबली. समुद्रावर आम्ही पोरांना उंटावर बसवलं. पाच मिनिटांत ती कंटाळली. हा मात्र ओल्या वाळूत उकिडवा बसून हातांनी वाफे पाडत होता. मग त्याने पाट काढला, शिंपल्यांची वांगी लावली. लाट आली की पाटातून पाणी धावायचं आणि तो म्हणायचा, "आता या वाफ्याले सोडा." सगळी पोरं त्याच्याभोवती जमली, माझाही मुलगा. माझी बायको पदर खोचून पाणी वळवायला बसली. खोटं कशाला बोलू, माझं पित्त खवळलं.

मग मीच खेळ काढला. माणसाला गळ्यापर्यंत वाळूत पुरायचं. तो हसत तयार झाला. खड्डा मी पाण्याजवळ खणायला लावला.

"इथवर पानी येते का, सर?"

"धरणाचं पाणी कधी बांध सोडून येतं का?" मी म्हणालो. त्याला ते पटलं. धरणापलीकडचं मोठं पाणी त्याने पाहिलंच नव्हतं.

मुलीने माझी बाही ओढली. "सर, भरती येईन ना? तुमीच तं शिकवलं."

"अजून वेळ आहे," मी म्हणालो. भरतीची वेळ मी लॉजच्या फळ्यावर वाचूनच निघालो होतो. सर म्हणाले म्हटल्यावर तिने बाही सोडली.

आम्ही दहा पावलांवर चहा घेत उभे राहिलो. पहिली लाट हनुवटीला लागली तेव्हा तो हसत होता. दुसरी तोंडावरून गेली. "सर, काढा ना मले," तो ओरडला. आम्ही फोटो काढले. मुलगी एकटीच नखांनी वाळू उकरत होती. तिसऱ्या लाटेनंतर त्याचा आवाज आला नाही, तेव्हा आम्ही धावलो.

बाहेर काढल्यावर तो खोकत म्हणाला, "मजा आली." परतताना मुलगी त्याला एवढंच म्हणाली, "बाबा, तुमी काहून ऐकलं त्यायचं?" त्यानंतर त्याची गाडी आमच्या गल्लीत आली नाही. मला बरंच वाटलं.

यंदा तो तापाने गेला. मुलगी माझ्या दारात आली. "सर, बाबाचा फोटो पायजे. आधारवरचा ओयखू येत नाई."

माझ्याकडे एकच होता. ओले केस, उघडं तोंड, मानेपर्यंत वाळू. दुसरा शोधतो म्हणालो, तर म्हणाली, "तोच द्या."

स्टुडिओवाल्याने वाळू पुसून खाली कोणाचा तरी पांढरा सदरा जोडला. तेरवीला मी गेलो. फोटोला हार घातला होता. शेजारची बाई मला म्हणाली, "पाहा सर, कसे हसून राहिले."

मुलगी माझ्याकडे पाहत होती.

"हो," मी म्हणालो.