अक्काताईचा पहारा

"खरं सांग, बिस्कूट कुणी दिलं?"

"कुणी न्हाय गं आज्जी."

"तोंड उघड."

ऋतिकानं आ केला. अक्काताईनं नाक लावून हुंगलं. जोंधळ्याची भाकरी आणि लसणाची चटणी, दुसरं काही नाही. तरी तिचा इस्वास बसला नाही. नातीचं पोट नगाऱ्यासारखं फुगलं होतं ते काय वाऱ्यानं?

गहू पोरीला सोसत नाही, कणसुद्धा नको, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं तेव्हापासून खासबागेतल्या या विणकराच्या घरातनं चपाती गेली, रवा गेला, शेवया गेल्या. सणाला कडबू केले ते तांदळाच्या पिठाचे. गिरणीत गव्हावर दळण पडतं म्हणून जोंधळे घरच्या चक्कीवर. चार महिन्यांत पोरगी भरत आली, आणि दसऱ्याची सुटी लागल्यापासून, पंधरा दिवसांत, पुन्हा होती तिथं.

म्हणजे कोणतरी चोरून देत होतं. पहिला संशय सुनेवर. प्रियदर्शनी बोरगावची, लेक रडली की विरघळणारी. अक्काताईनं तिची पर्स उलटी करून झटकली.

"आत्या, पाळत ठेवायलायसा व्हय माज्यावर?"

"पोरीवर ठेवलोय. तू मधी येतीस."

दुसरा संशय शेजारच्या रुक्माबाईवर. तिच्या दारात गल्लीतल्या पोरांना खारी मिळायची.

त्या सकाळी गल्लीत मागावर चढवायच्या उभ्या सुताचा ताणा पसरला होता. ताणलेल्या सुताला कुंचल्यानं खळ लावता लावता अक्काताईचा एक डोळा नातीवर होता. रुक्माबाई बाहेर आली. हातात नुसती केरसुणी. ऋतिका ताण्याकडेनं तुटके धागे जोडत होती. बोट जिभेला लावायची, टोकं जुळवून पीळ द्यायची, खळीनं बरबटलेलं बोट पुन्हा जिभेला.

सुटीत हे शिकवलं कुणी? अक्काताईनंच. जीभ लाव, पीळ दे.

तिचा कुंचला थांबला. खळ मैद्याची. मैदा गव्हाचा. ताटातला गहू तिनं हुडकून हुडकून घराबाहेर काढला होता. सुताला लागणारा गहू तिच्या ध्यानातच आला नव्हता. सूत कोण खातंय?

"ऋतिका, चूळ भर. हात धू. आजपासनं ताण्याला शिवायचं न्हाय."

आवाज ऐकून सून दारात आली. "आता काय गावलं?"

"कणीचा तांदूळ काढून ठेव. उद्यापासनं खळ तांदळाची."

"का? सुताचं पोट दुखाय लागलं व्हय?"

"सुताचं न्हाय."

प्रियदर्शनीनं लेकीच्या बोटाकडं बघितलं, मग खळीच्या बादलीकडं.

"आणि माजी पर्स?"

"तिची चेन अडकत्या. सांच्याला नीट करून देतो."

खळ वाळायला लागली होती. अक्काताईनं कुंचला बुडवला आणि उरलेला ताणा धरला. जाता जाता रुक्माबाईच्या दाराकडं एकदा बघितलंच.