एक वीत पुढं

नवी गाडी वर्कशॉपमध्ये आली की पहिल्या दिवशी पोवारमामा तिला हत्यार लावायचे नाहीत. तिच्याभोवती दोन चकरा मारायचे. मग एकेका कोपऱ्यावर दोन्ही तळहात टेकवून अंगाचा भार द्यायचे, सोडायचे, आणि गाडी वर कशी येते ते मान तिरकी करून बघत राहायचे. शेवटी मागच्या चाकाशी उकिडवे बसून वितीनं माप घ्यायचे. सिंगापुरातल्या तुआस भागातल्या आमच्या शेडमध्ये लेझरनं मापणारी उपकरणं होती, त्यामुळे नवीन आलेले लोक हे बघून हसायचे. मीही हसले होते.

"गाडीला आधी विचारायचं ताई, कुठं किती सोसतंय," ते म्हणायचे. "मग लोखंड कापायचं."

आमच्या कंपनीचं काम तसं छोटं. मळ्यांत, चिखलात चालणाऱ्या, चारही चाकांना ताकद असलेल्या बुटक्या गाड्या आणायच्या आणि गिऱ्हाइकाला हवा तसा हौदा त्यांच्यावर बसवून द्यायचा. सिंगापुरात झाडं उदंड, आणि ती छाटणाऱ्या कंपन्याही बऱ्याच. बागांमधल्या अरुंद वाटांवर ट्रक जात नाही. छाटलेल्या फांद्या आणि मशीनमधून निघालेला लाकडाचा चुरा वाहायला या कंपन्यांना छोटे टिपर लागतात. हायड्रॉलिक जॅकनं हौदा पुढून उचलला जातो, मागच्या बिजागरीवर कलंडतो आणि माल खाली पडतो. डिझाइन माझं, जोडणी मामांची.

मामा कोल्हापूरजवळच्या एका गावचे. उसाच्या ट्रॉल्या बांधून हात बसलेला. तिथून शिपयार्डात वेल्डर म्हणून सिंगापूरला आले आणि पुढे आमच्याकडे, एस पासवर, म्हणजे कुशल कामगारांच्या परवान्यावर. मी पुण्याची, त्याहून वरच्या एम्प्लॉयमेंट पासवर. वर्कशॉपमध्ये मराठी बोलणारे आम्ही दोघंच. मी रुजू झाले त्या आठवड्यात त्यांनी पंख्याखालची आपली जेवायची जागा मला दिली आणि स्वतः पत्र्याच्या कडेला जाऊन बसले. "हितं वारं लागतंय, बसा," एवढंच म्हणाले. एका रविवारी आमच्या पुंगोलच्या फ्लॅटवर आले, तर चहा व्हायच्या आत स्वयंपाकघराच्या खिडकीचा अडकणारा गज सरळ करून मोकळे. माझी नऊ वर्षांची सई त्यांच्याशी इंग्रजीतच बोलायची आणि ते तिला कोल्हापुरीत उत्तर द्यायचे. दोघांचं तासभर चालायचं. मी आश्चर्यानं बघत होते, तेव्हा म्हणाले, "समजतंय सगळं मला. फकस्त तोंडातनं निघत न्हाई."

झाडं छाटणाऱ्या एका मोठ्या कंपनीकडून सहा टिपरची ऑर्डर आली. एका खेपेत जास्त माल जावा म्हणून त्यांना हौद्याच्या बाजू उंच हव्या होत्या. मी ड्रॉइंग काढलं. पहिल्या गाडीची जोडणी सुरू व्हायच्या आधी मामा ड्रॉइंगची घडी घेऊन माझ्या टेबलाशी आले.

"ताई, बिजागरी लई मागं हाय. एक वीत पुढं घ्या, चाकाच्या जवळ. आणि बाजू जरा खाली घ्या."

"मामा, सगळं कॅल्क्युलेशन झालंय."

"चुरा कोरडा धरलाय का वला?"

मी स्क्रीनकडे वळले.

"हितं रोज पाऊस," मामा म्हणाले. "वला चुरा हौद्याला चिकटून बसतोय. हौदा वर गेला तरी माल सुटत न्हाई. सगळा भार मागं. चढावर उभी असली तर गाडी उलटंल."

मी चुरा कोरडा धरला होता. हे त्यांनी विचारलं त्याच क्षणी माझ्या लक्षात आलं. "थांबा, बघते," एवढंच म्हणायचं होतं. पण बिजागरी हलवायची तर खालची सगळी चौकट बदलावी लागणार, आठवडा जाणार, आणि आमचे बॉस मिस्टर लिम यांना मी तारीख देऊन बसले होते. खरं सांगायचं तर तारखेपेक्षाही दुसरंच काहीतरी खुपत होतं. माझ्या सॉफ्टवेअरला जे दिसलं नाही ते वितीनं मापणाऱ्या माणसाला दिसलं होतं.

"ते सगळं धरलंय मामा," मी म्हणाले.

त्यांनी ड्रॉइंगची घडी खिशात घातली. "बरं. मग लोड टेस्ट तरी वला माल घालून घ्या."

लोड टेस्ट मी घेतलीच नाही. फॉर्मवर आकडे भरले आणि सही केली. मामांनी बिजागरी ड्रॉइंगमध्ये होती तिथंच, बोटभरही इकडेतिकडे न करता जोडली.

पहिली गाडी देऊन तीन आठवडे झाले असतील. हार्बरफ्रंटच्या मागच्या टेकडीवर, पाऊस नुकताच थांबलेला असताना, तिचा हौदा वर गेला आणि चुरा जागचा हलला नाही. पुढची चाकं उचलली गेली आणि गाडी मागच्या मागे बसली. फाळका उघडायला मागे सेल्वम उभा होता. त्याचा उजवा पाय खाली सापडला. सेल्वम त्या कंपनीचा झाडावर चढणारा कामगार, तंजावरकडचा. गाडी शिकून घ्यायला चार दिवस आमच्याकडे येत होता आणि दुपारी मामांच्या शेजारी बसून जेवायचा.

चौकशीला मिस्टर लिम होते, त्या कंपनीचा सेफ्टी ऑफिसर होता, विम्याची एक बाई होती. मामांना बोलावलं. त्यांना इंग्रजी बोलता येत नाही म्हणून भाषांतराला मी. माझ्यावर कुणाचा संशय नव्हता. फॉर्मवर माझी सही होती, आकडे व्यवस्थित होते.

सेफ्टी ऑफिसरनं विचारलं, गाडी देण्याआधी काही चुकीचं वाटलं होतं का? मी तो प्रश्न मराठीत नीट विचारला.

"वाटलं हुतं की," मामा म्हणाले. "बिजागरी पुढं घ्या, न्हाईतर चढावर गाडी उलटंल, असं मी ताईंना म्हणलो हुतो. वला माल घालून बघा, हेबी म्हणलो हुतो."

सगळे माझ्याकडे वळले. त्या वेळी आमचा पीआरचा, सिंगापुरात कायम राहण्याच्या परवानगीचा अर्ज गेलेला होता, सईची शाळा होती, घराचा करार होता. पण हे सगळं मला नंतर आठवलं, स्वतःला समजावताना. त्या क्षणी मनात काहीच नव्हतं, फक्त भीती होती. मी इंग्रजीत म्हणाले, "तो म्हणतो, त्याला काही चुकीचं वाटलं नाही. बिजागरीची जागा त्यानं स्वतःच्या पद्धतीनं, हातानं मापली होती. कदाचित थोडी मागे गेली असेल."

मागची चौकट पार पिळवटली होती, त्यामुळे मूळ जागा आता मोजून सांगता येत नव्हती. आणि मामा वितीनं मापतात हे साऱ्या वर्कशॉपला माहीत होतं. मिस्टर लिमनी मान हलवली.

मामांना सगळं समजलं होतं. समजणार हे मलाही माहीत होतं. ते माझ्याकडे बघत होते आणि मी टेबलावरच्या कागदांकडे.

"पोवार, करेक्ट ऑर नॉट?" मिस्टर लिमनी सरळ त्यांनाच विचारलं.

मग मामा म्हणाले, "ओके."

आठवड्याभरात त्यांचा पास रद्द झाला. ते गेले त्या दिवशी मी चांगी विमानतळावर गेले नाही. मीटिंग आहे असा मेसेज पाठवला. मीटिंग नव्हती. उरलेल्या पाच गाड्यांची बिजागरी मी एक वीत पुढं घेतली, बाजू खाली आणल्या, आणि नव्या डिझाइनबद्दल मिस्टर लिमनी सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं. मी "थँक यू" म्हणाले. घरी सईनं विचारलं, "पोवार अंकल वॉज केअरलेस, इज इट? दॅट्स व्हाय दे सेंट हिम बॅक?" मी भाजी चिरत होते. "हं," म्हणाले. एवढ्या सगळ्या खोटेपणात मला आजही सगळ्यात जास्त लाज त्या "हं"ची वाटते.

पुढच्या वर्षी सुट्टीत पुण्याला गेले, तेव्हा कोल्हापूरला जाऊन मामांचं गाव गाठलं. रस्त्याकडेला पत्र्याची शेड होती आणि मामा एका ट्रॉलीखाली आडवे होऊन वेल्डिंग करत होते. मला बघून बाहेर आले, हात पुसले, खुर्ची पुढे केली. मी वाटेत ठरवलेलं एक वाक्यही धड बोलू शकले नाही. "मामा, मी त्या दिवशी..." एवढ्यावरच अडले.

"ते मला म्हाईत हाय," ते म्हणाले. "त्याचं काय करायचं ते तुमचं तुम्ही बघा. माझं निराळंच हाय. चुकीचं हाय हे मला दिसत हुतं, ताई. तरी मी जोडलं. ताईंनी कागद दिलाय, आपल्याला काय, असं म्हणलो मनात. म्हणून तिथं गप बसलो. वेल्डिंगचे टाके माझ्या हातचेच हुते की."

मग ते माझ्यासमोर उकिडवे बसले आणि म्हणाले, "सेल्वमनं काठी सोडलीया. पण झाडावर चढाय येत न्हाई. त्याच्या भावाच्या दुकानात बसतोय."

"तुम्हाला कसं कळलं?"

"फोन करतो की त्याला. तो तामीळ, मी असा. मोडकंतोडकं चालतंय."

त्या वर्षभरात मी सेल्वमचा नंबरही कुणाकडे मागितला नव्हता. तो गावी परत गेला हेसुद्धा मला तेव्हा, मामांच्या शेडमध्ये कळलं.

सिंगापूरला परतल्यावर मी जबाब लिहायला घेतला. ओल्या चुऱ्याचं, न घेतलेल्या टेस्टचं, चौकशीतल्या भाषांतराचं, सगळं. मिस्टर लिमना आधी सांगितलं, तर त्यांनी केबिनचं दार लावून घेतलं. "मॅटर क्लोज्ड ऑलरेडी. व्हाय यू वॉन्ट टू ओपन अगेन?" मी राजीनामा त्यांच्या टेबलावर ठेवला. सईला मात्र सगळं मराठीत सांगितलं. ती उठून आपल्या खोलीत गेली.

जबाब विम्याच्या कंपनीला पाठवायच्या आधी मी मामांना फोन केला आणि त्यांच्या तोंडची वाक्यं इंग्रजीत वाचून दाखवली. ते हुंकार देत ऐकत होते. शेवटच्या वाक्यावर त्यांनी मला थांबवलं.

"परत वाचा ते."

मी परत वाचलं. गाडी चढावर कदाचित उलटू शकेल, असं त्यांनी मला सांगितलं होतं, अशा अर्थाचं ते वाक्य होतं.

"मी कदाचित म्हणलो नव्हतो, ताई," मामा शांतपणे म्हणाले. "उलटंल म्हणलो हुतो."

मी तो शब्द खोडला.