तुकडा मालकाच्या हातावर

गॅरेजात दोन गोष्टी आपोआप साठतात, भंगार आणि किस्से. भंगार भंगारवाला तरी नेतो, किस्से कोणी नेत नाही! म्हणून चहा आला की माझं तोंड सुरू होतं. हसण्यासारखे किस्से त्यात कमीच, हे आधीच सांगून ठेवतो.

सत्तरच्या दशकाच्या शेवटी वर्ध्याला नालवाडीच्या रस्त्यावर आमचं टिनाच्या शेडचं गॅरेज होतं. पुंडलिकभाऊ उस्ताद, हाताखाली मी, आणि शेजारच्या शेडमध्ये करीमभाई वेल्डिंगवाले. जुन्या मोटरसायकली यायच्या त्या बहुतेक एकच दुखणं घेऊन. सायलेन्सरचा पाइप इंजिनाला धरून ठेवतात ते स्टड, म्हणजे आटे पाडलेल्या लोखंडी कांड्या. इंजिनाच्या धगीनं आणि पावसापाण्यानं त्या अशा गंजतात, की नट खोलायला जरा जोर लावला की कट्! अर्धा स्टड हातात, अर्धा इंजिनात. तो आतला तुकडा काढता काढता माणूस रडकुंडीला यायचा.

पुंडलिकभाऊंचा एक नियम होता. निघालेला तुकडा फेकायचा नाही, मालकाच्या तळहातावर ठेवायचा. "त्याच्या गाडीतलं हाय, त्याच्याच हाती गेलं पाह्यजे," म्हणायचे.

*

समुद्रपूरकडचे एक ग्रामसेवक होते. गाडी आमच्याकडे अडकली म्हणून एसटीचे धक्के खाऊन वैतागलेले. भाऊंनी तुकडा हातावर ठेवला तसे साहेब भडकले, "एवढ्याशा तुकड्यासाठी मले एसटीत लटकवलं तुम्ही?"

भाऊ शांतपणे म्हणाले, "साहेब, पायात मोडलेला काटाबी एवढाच असते."

साहेबांनी तुकडा शर्टाच्या खिशात टाकला आणि किक मारली.

*

सगळेच तुकडे निघायचे असं नाही. एका दूधवाल्याचा स्टड अगदी मुळाशी मोडला होता. अशा वेळी त्याच्या बरोबर मधोमध भोक पाडावं लागतं. भाऊंनी ड्रिल लावलं, अर्ध्यात लाइट गेली. लाइट आल्यावर पुन्हा लावलं तर ड्रिल लोखंड सोडून बाजूच्या मऊ अ‍ॅल्युमिनियममध्ये घुसलं. स्टड ज्यात बसतो ते इंजिनाचं हेडच कामातून गेलं!

मला वाटलं, आता भाऊ काहीतरी थाप मारतील. दूधवाला आला तसं त्यांनी सरळ सांगितलं, "भोक वाकडं गेलं. माह्याच हातानं गेलं. दुसरं हेड पाहून देतो."

दूधवाला बाकड्यावर टेकला. मग म्हणाला, "माही म्हैस मेली तवा ढोराच्या डॉक्टरनंबी असं तोंडावर नाई सांगतलं, बाप्पा!"

*

करीमभाईंचा किस्सा सांगताना मला अजून कसंतरी होतं. मोडलेल्या स्टडचं टोक जरा बाहेर असलं की करीमभाई त्यावर नट वेल्ड करायचे आणि गरम असतानाच फिरवायचे. त्याआधी पेट्रोलची टाकी उतरवायची, हा शिरस्ता. एकदा एका नवरदेवाचा भाऊ आपली गाडी घेऊन आला आणि डोक्यावर उभा राहिला, "टाकी काऊन काढून राह्यले? वरात निघून राह्यली ना!"

करीमभाई भिडस्त. टाकीवर ओलं पोतं टाकलं आणि वेल्डिंग सुरू केलं. पेट्रोलची नळी कुठे तरी गळत होती. भडका उडाला. आम्ही रेती टाकून विझवला, पण करीमभाईंचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला. त्या हाताची मूठ पुढे कधी नीट वळली नाही.

त्याच संध्याकाळी दवाखान्यात भेटायला गेलो, तर पट्टीतला माणूस विचारतो काय, "पुंडलिकभाऊ, निकला क्या वो?"

भाऊंनी खिशातून तुकडा काढून त्यांच्या डाव्या हातावर ठेवला. "मालक वरातीत नाचून राह्यला. तुमच्याच हाती राहू द्या."

*

भाऊंची दाढ मोडली तेव्हाची गंमत वेगळीच. डॉक्टरांनी ती काढली आणि बादलीत टाकली. भाऊ खुर्चीवरून उठेनात. तोंडात कापूस तसाच, आणि हात पुढे! डॉक्टर म्हणाले, "काय पाहिजे?" भाऊ कसेबसे बोलले, "आमच्यात निघालेला तुकडा मालकाले देतेत!"

*

आता मारोतरावांचं सांगतो आणि थांबतो.

मारोतराव नालवाडीचे, भाजीपाला पिकवणारे. त्यांचा तरणाताठा मुलगा सुरेश विहिरीवरच्या मोटरचा शॉक लागून गेला. त्याची मोटरसायकल मागे राहिली. तिच्यावर भाजी लादून मारोतराव बाजारात जायला लागले. तिचा एक स्टड सुरेशच्याच हातून मोडला होता आणि त्यानं तो कधी काढून घेतला नव्हता. त्यामुळे पाइप तिथे उघडा राहून गाडी फट फट वाजायची. तो असताना लांबून कळायचं, सुरेश आला.

एक दिवस मारोतरावांनी ती गाडी आमच्या दारात लावली. म्हणाले, "भाऊ, हा आवाज बंद करा. फटफट ऐकली का त्याची माय चुलीवर तवा ठेवे. गरम भाकर लागे त्याले. आताबी ठेवते. मी बाजारातून येतो, त्याची माय चूल पेटवून दारात येते, अन् मी उतरतो. मंग माह्या तोंडाकडं पाह्यते. रोजच्या रोज. मले नाई पाहवत."

त्या दिवशी भाऊंनी मला पाना धरू दिला नाही. गंजावर डिझेल सोडलं, शेक दिला, करीमभाईंनी डाव्या हातानं गॅसची बत्ती धरली. संध्याकाळकडे तुकडा निघाला. नवा स्टड, नवा नट. गाडी शिवणयंत्रासारखी चालू लागली. भाऊंनी तुकडा मारोतरावांच्या हातावर ठेवला. त्यांनी मूठ मिटली आणि गाडी घेऊन गेले. मला बरं वाटलं. एका माउलीचा त्रास तरी संपला, असं वाटलं.

काही महिन्यांनी मारोतराव परत आले. गालफडं बसली होती. गाडी उभी केली आणि मूठ उघडली. आत तोच तुकडा, हाताळून हाताळून गुळगुळीत झालेला.

"तवा नाई ठेवत आता त्याची माय. चूलच पेटवत नाई. खाटेवर पडून राह्यते. म्हणते, सुरेश आताशा येतच नाई." मग भाऊंकडे पाहून म्हणाले, "हे वापस बसवता येते काय?"

भाऊ खाली बसले. त्यांनी पाना लावला, नव्या स्टडचा नवा नट काढला, पाइप तिथे पुन्हा उघडा केला आणि नट मारोतरावांच्या हातावर ठेवला.