पायांवरचं पाणी

सुनेनं मोबाइलवर एक जाहिरात दाखवली. नांदेडला गोदावरीकाठी, निजामाच्या काळात एका इंग्रज साहेबानं बांधलेला बंगला, दुरुस्त करून विकायला काढलाय. व्हरांड्यातल्या काळ्या-पांढऱ्या फरश्या त्याच होत्या. त्या बघताच मी पाय साडीत ओढून घेतले.

लग्नासाठी मला तिथं दाखवायला नेलं होतं. खरं तर मुलाकडच्यांनी हिमायतनगरला आमच्या घरी यायचं, पण त्यांनी आम्हालाच बोलावलं. माझे वडील, त्यांना आम्ही दादा म्हणायचो, स्टँडपासून चालून धुळीनं माखले होते. आमच्याकडं पाहुणा आला की आधी पायांवर पाणी देतात. म्हणून दादा चपला काढून व्हरांड्यात थांबले. गड्यानं ट्रेमधून काचेचे पेले आणले. दादांनी एक उचलला आणि सावकाश दोन्ही पायांवर ओतला.

आत कुणीतरी हसू दाबलं. मातकट पाणी पांढऱ्या फरशीवरून माझ्यापर्यंत वाहत आलं. मी मान खाली घातली, ती चहा संपला तरी वर केली नाही. नकार मला तिथंच कळला होता.

परतताना एसटीत दादा म्हणाले, "एवढा मोठा बंगला, अन् घरात तांब्या न्हाई बघ. पाहुण्याला काचेत पाणी देऊन राहिलेत बिचारे."

दादांना काही कळलंच नाही, असं मी इतकी वर्षं धरून चालले. पण ते बोलताना त्यांनी आपले धुतलेले पाय सीटखाली ओढून घेतले होते. ते मी तेव्हाही पाहिलं होतं.