संध्याताईंचा काळा मसाला आणि जयंतीची पोस्ट

ऑर्डर थांबल्या तेव्हा मी आधी ॲपला शिव्या घातल्या. आमच्या धंद्यात ते सोयीचं असतं.

मंचरला माझं छोटं ऑफिस आहे. दुकानदार, डेअरीवाले, हॉटेलवाले यांची सोशल मीडियाची कामं मी करतो. कळंबच्या संध्याताई आल्या त्या काळा मसाला घेऊन. चाकणच्या कंपनीतलं पॅकिंगचं काम सोडून त्यांनी मसाला कांडायची मशीन घेतली होती. ती चालली नाही तर पुन्हा पहाटेची कंपनीची बस धरायची, हे त्यांनी पहिल्याच भेटीत सांगितलं. आणखी एक सांगितलं. व्हिडिओत माझा चेहरा नको.

मी म्हटलं, ठीक. मिरच्या वाळताहेत, खोबरं भाजतंय, नुसते हात दिसताहेत, अशा रील केल्या. नारायणगाव, जुन्नर, मंचरच्या सोसायट्यांमधून ऑर्डर सुरू झाल्या. एकीने घेतला की तिचा अख्खा ग्रुप घ्यायचा. ताईंपेक्षा मीच जास्त हवेत होतो.

उन्हाळा म्हणजे मसाल्याचा सीझन. त्याचं कंटेंट कॅलेंडर केलं, म्हणजे कोणत्या दिवशी काय टाकायचं त्याचं वेळापत्रक. पाडवा, अक्षय्य तृतीया, महाराष्ट्र दिन. ताईंनी ते वाचलं आणि विचारलं, अन् जयंती?

ताई बौद्ध. चौदा एप्रिल त्यांच्या घरचा सगळ्यात मोठा दिवस. त्या दिवशी माझा फोटोच टाका, म्हणाल्या. मी विचारलं, आधी तर चेहरा नको होता?

"तवा कोणी चव घेतली नव्हती, भाऊ. आता घेतली की. आता काय व्हतंय?"

पांढऱ्या साडीतल्या ताई, मागे निळा झेंडा, हातात मसाल्याचं पाकीट. फोटो फार छान आला होता. रीच, म्हणजे पोस्ट किती जणांच्या मोबाइलवर पोचली तो आकडा, कधी नव्हे एवढा वर गेला. लाइकही भरपूर. आणि ऑर्डर थांबल्या.

वाईट कमेंट एकही नाही. बुकिंग केलेल्या बायकांचे फक्त मेसेज येत राहिले, यंदा नको, सासूबाई घरीच करणार आहेत. त्या आठवड्यात दोन तालुक्यांतल्या तमाम सासवा मसाला करायला बसल्या होत्या म्हणे. मी पैसे भरून जाहिरात वाढवली, सवलत लावली, पोस्टच्या वेळा बदलल्या. काही हललं नाही. शेवटी नारायणगावच्या एका नेहमीच्या गिऱ्हाईक बाईंना फोन करून विचारलं, मसाल्यात काही कमी होतं का?

"नाही हो, मसाला एक नंबर. पण तुम्ही आधी सांगायला पाहिजे होतं ना."

"काय सांगायला?"

"कळतंय की तुम्हाला."

कळत होतं. मी इथलाच. कोण कोणाच्या घरी पाणी पीत नाही, हे बघतच मोठा झालोय. फोन ठेवला आणि मला त्या बोलण्याची किळस आली.

कळंबला गेलो. मशीनवर जुनी साडी टाकलेली होती. ताईंना आमच्या धंद्यातला उपाय सांगितला. नवं नाव, नवं पाकीट, नवं पेज. फोटो नाही, जयंती नाही. याला रीब्रँडिंग म्हणतात. मशीनवरची साडी नीट करत त्या म्हणाल्या,

"गावात कोणी घेत न्हाई म्हणून तर फोनवर आले व्हते, भाऊ. आता फोनमधनं कुठं जाऊ?"

मी मोबाइल खिशात टाकला आणि निघालो.

पुढे ती मशीन मंचरच्या एका व्यापाऱ्याने घेतली. भाजायला जाणकार माणूस हवं म्हणून ताईंनाही कामावर ठेवलं. चाकणच्या बसपेक्षा बरं, एवढंच त्या म्हणाल्या. तो व्यापारी आता माझा क्लायंट आहे. रीलमध्ये कढई तीच, हातही तेच. चेहरा नको ही अट या वेळी त्याची आहे. माल कुठेही पोचवता येतो, हे मला या धंद्याने शिकवलं. माणूस पोचवायचं कसब मात्र त्यात नाही.

परवा व्यापाऱ्याच्या पेजवर नारायणगावच्या त्याच बाईंची कमेंट आली. अशी चव बऱ्याच दिवसांनी मिळाली, करणाऱ्याच्या हाताला तोड नाही. गिऱ्हाइकाला लगेच उत्तर द्यायचं, हे मीच सगळ्या क्लायंटना शिकवतो. मी 'धन्यवाद ताई' लिहिलं आणि हात जोडल्याचं चिन्ह टाकलं.