माझ्या आत्याचा ‘आ’

अन्यायाविरुद्ध तोंड उघडायचं म्हणजे नेमकं किती उघडायचं, याचा तुम्ही कधी विचार केलाय? अख्ख्या कळव्यात माझ्या आत्याइतकं मोठं तोंड उघडणारी बाई नाही. विहारातल्या कार्यक्रमात तिने भीमगीताची तान घेतली की शेजारच्या इमारतीतले लोक खिडकीत येतात. भाषणात कुणी लांबण लावली, तर ती पहिल्या रांगेतून अशी ऐसपैस जांभई देते की वक्ता थेट आभारावर येतो.

त्या तोंडानेच तिला पाण्याच्या मोर्चात दगा दिला. ‘पाणी आमच्या हक्काचं’ म्हणताना ‘आ’वर जबडा अडकला. मिटेना. आम्हाला वाटलं, बाईंनी सूर धरलाय. आम्हीही तो ‘आ’ जोरात लांबवला. तिने हातवारे केले, तर टाळ्या पडल्या. शेवटी कट्‌ असा आवाज झाला आणि तोंड मिटलं.

त्याआधी वर्षभर ती कानात थेंब घालत होती. ‘कान दुखतो’ म्हणायची, आणि घरचे म्हणायचे, ‘टेन्शन घेतेस तू.’ बाईच्या प्रत्येक दुखण्याला आमच्याकडे हेच औषध.

मोर्चानंतर मात्र मी तिला माजिवड्याला दातांच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरबाईंनी तिच्या कानापुढे दोन बोटं ठेवली. “मावशी, कान चांगलाय. जबड्याचा सांधा दुखतोय.”

“असं कुणाला होतं का?”

“खूप जणांना. पुरुषांनाही होतं, पण बायकांना जास्त. तरुण आणि मध्यमवयीन बायका खूप येतात. बहुतेकांचं मऊ खाऊन, शेकून, जबड्याला आराम देऊन कमी होतं.”

“आणि गाणं?” आत्याचा एवढा बारीक आवाज मी कधी ऐकला नव्हता.

“सध्या नको. मग हळूहळू बघू.”

गाणं बंद झाल्यावर आत्याने महिला मंडळाची तपासणी सुरू केली. प्रत्येकीच्या कानापुढे बोटं ठेवून, “हं, उघड. मीट.” कुणाचं कट्‌, कुणाचं करकर. “नुसतं वाजतंय, दुखत नाही ना? मग बिनधास्त भाकरी खा.” ज्यांना दुखत होतं, त्यांतल्या बऱ्याच जणी थेंबच घालत होत्या. आत्या खूश. “अगं, आपली तर संघटना होईल.”

आता ती पुन्हा गाते. फक्त वरची जागा आली की थांबते, आणि ती ओळ बाकीच्या बायका उचलतात. ती मान हलवत ऐकते. ओठ जेमतेम हलतात.

तुमच्या घरात कुणाचा कान महिनोन्‌महिने दुखत असेल आणि कानात काहीच सापडत नसेल, तर तिला एकदा दातांच्या डॉक्टरांकडे न्या. सोबत जा. एकटीला पाठवलंत, तर ती जाणार नाही.